नाशकात ऋतू पाळायचा तर : नक्षत्रं, नेम आणि गंगा

गंगाघाट

धाग्याचा हेतू आधी सांगतो. ऋतू बदलताना मनाला जो आधार मिळतो तो सणांतून मिळतो, असं आपण धरून चालतो. पण सणाच्या दिवशी घरात इतकी धावपळ असते की आभाळाकडे बघायला कुणाला सवड नसते. आधार हवा असेल तर सणांच्या मधले साधे दिवस धरावे लागतात, आणि त्यासाठी पंचांगात आयती सोय आहे : सूर्यनक्षत्रं.

३६५ दिवस भागिले २७, म्हणजे सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. तिथी दरवर्षी मागेपुढे होतात, अधिक महिना आला की आणखी सरकतात. सूर्यनक्षत्राची तारीख फार तर एखाद्या दिवसाने हलते. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला, पूर्वा ३० ऑगस्टच्या आसपास, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २६-२७ सप्टेंबर, चित्रा १०-११ ऑक्टोबर, स्वाती २३-२४ ऑक्टोबर. शेतकऱ्यांना ही तोंडपाठ असतात. शहरात मृग आणि हस्त एवढी दोनच उरली आहेत, बाकीची भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीक टायपात पडून असतात.

नेम असा : नक्षत्र बदलेल त्या दिवशी सकाळी अर्धा तास काढायचा. ठरलेल्या एकाच जागेवरून सूर्योदय बघायचा आणि तो कुठल्या खुणेवर झाला ते वहीत लिहायचं. देवघरात त्या पंधरवड्याचं एक पान किंवा फूल ठेवायचं. आणि त्या दिवशीच्या ताटात एक जिन्नस असा, जो महिन्याभरापूर्वी मंडईत नव्हता. वहीत चार ओळींच्या वर लिहायचं नाही. एवढंच.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे जागा बदलली की मागच्या नोंदीशी तुलनाच होत नाही आणि वही निरर्थक होते. दुसरं, फोटो. फोन हातात आला की नेम संपला. तिसरं, उत्साहाच्या भरात पहिल्याच नक्षत्राला जप, पोथी, उपवास सगळं जोडायचं. असा नेम पुष्य येईपर्यंत टिकत नाही.

तुम्ही काय पाळता ते नको, कसं पाळायचं ते लिहा. नाशिक आणि आसपासचं असेल तर उत्तम.

चौथा_मजला

कल्पना छान, पण आमच्यासारख्यांना सूर्योदय दिसतच नाही. इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात पूर्वेला समोरची बिल्डिंग असते. काय करायचं?

सूर्यकाठी

@चौथा_मजला ताई, गच्ची मिळत असेल तर सूर्योदय नसला तरी चालेल. सावली मोजा.

एक मीटरची सरळ काठी घ्या, झाडूचा दांडा चालेल. मातीने भरलेल्या कुंडीत ती ओळंब्याने सरळ उभी करा आणि फरशीपासून टोकापर्यंत उंची बरोबर एक मीटर राहू द्या. कुंडी रुंद असेल तर सावली काठावर चढते आणि माप चुकतं, म्हणून अरुंद कुंडी घ्या किंवा काठी थेट फरशीच्या सांध्यात रोवा. दुपारी सर्वांत आखूड सावली कधी पडते तो क्षण धरायचा. नाशकात ती वेळ १२ वाजता येत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे मध्यान्ह सरासरी १२:३५ ला होते. त्यातही वर्षभर हालचाल असते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९. म्हणून दहा-दहा मिनिटांनी खडूने टोक मारत जा, सर्वांत जवळची खूण ती खरी.

नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. त्या हिशोबाने एक मीटर काठीची सावली २१ डिसेंबरला साधारण ९५ सेंमी, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ३६ सेंमी. २० मेच्या सुमारास शून्य : साडेबारा वाजून गेले की काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. त्यानंतर गंमत होते. २१ जूनला सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते, जेमतेम ६ सेंमी. २३ जुलैच्या आसपास पुन्हा शून्य, पण तेव्हा पुनर्वसू-पुष्याचे ढग असतात, त्यामुळे दिसली तर नशीब.

ज्यांना सूर्योदय दिसतो त्यांच्यासाठी : हात सरळ लांब करून मूठ धरली की क्षितिजावर साधारण १० अंश झाकले जातात. जूनमधला सूर्योदय बरोबर पूर्वेपासून अडीच मुठी उत्तरेकडे, डिसेंबरातला अडीच मुठी दक्षिणेकडे. मार्चमध्ये एका नक्षत्रात सूर्य अर्ध्या मुठीहून जास्त सरकतो. मृगाच्या शेवटाला आणि आर्द्राच्या सुरुवातीला मात्र हलतच नाही असं वाटतं. तेव्हा लोक कंटाळून वही सोडतात. सोडू नका, ते थांबणं हीच त्या पंधरवड्याची नोंद.

चौथा_मजला

वा! झाडूचा दांडा काढते आजच.

माजघर

गंगाघाट यांनी ताटातला जिन्नस एका ओळीत उरकला, पण बहुतेक घरांत ऋतू स्वयंपाकघरातूनच आत येतो. म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडचा सर्वांत स्पष्ट उंबरठा म्हणजे कांदेनवमी, आषाढ शुद्ध नवमी. त्या दिवशी कांदा-लसणाची भजी, झुणका, थालिपीठ, भरलं वांगं सगळं खाऊन घ्यायचं आणि दोन दिवसांनी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. लासलगावची बाजारपेठ उशाशी असलेल्या जिल्ह्यात कांदा सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला तरी बऱ्याच घरांत वांगं लगेच सुरू होत नाही. ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच. तोवर बाजरी नवी आलेली असते, वांगी थंडीने गोड झालेली असतात आणि कांद्याची पात कोवळी असते. सोडलेली गोष्ट परत येते ती तिच्या उत्तम दिवसांत, ही त्यातली खुबी आहे.

चातुर्मासाचा नेम घेताना एकच गोष्ट सोडा. चार चांद्रमास म्हणजे जवळपास ११८ दिवस होतात आणि २०२३ सारखा अधिक श्रावण आला तर पाच महिने. दोन-तीन गोष्टी सोडल्या की गणपतीत, पितृपक्षात कुणाकडे तरी जेवायला बसल्यावर मोडतं आणि मग 'मोडलंच आहे तर' म्हणून सगळंच सुटतं. बाहेर जेवताना काय करायचं ते पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. सोडायला जिन्नस रोजच्या वापरातला हवा. वर्षातून दोनदा खाल्ला जाणारा पदार्थ सोडून काही कळत नाही. आणि समाप्तीला सोडलेलीच वस्तू दान द्यायची. साखर सोडली तर साखर, विडा सोडला तर विडा. हे हल्ली फार लोक विसरतात.

मृग-आर्द्रातल्या ताटासाठी रानभाज्या. पेठ, हरसूल, त्र्यंबककडच्या बायका टोपल्या घेऊन येतात. टाकळ्याची दोन-चार पानांची कोवळी रोपंच घ्या, जून टाकळा कडवट लागतो. कुर्डू फुलावर यायच्या आत. फोडशी घेताना पात्यांच्या बुडाशी माती अडकलेली असते, म्हणून चिरायच्या आधी दोन-तीन पाण्यांतून धुवायची. शेवळं नवख्याने करू नयेत. करायचीच तर काकड (आंबट रानफळ) किंवा चिंच-आमसूल घालूनच, नाहीतर घसा खाजतो आणि अध्यात्म बाजूला राहतं.

वैद्यबुवा

माजघर ताईंना पूर्ण अनुमोदन. थोडी शास्त्राची जोड.

आयुर्वेदातल्या वाग्भटाने ऋतुसंधी सांगितला आहे : सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात, एकूण १४. या काळात जुनी सवय हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची, एकदम केलं तर त्रास होतो. गंगाघाट यांचं साडेतेरा दिवसांचं नक्षत्र आणि हा १४ दिवसांचा संधी जवळजवळ एकाच मापाचे आहेत. त्यामुळे प्रत्येक नक्षत्राला काही बदलायचं ते चौथाईने बदला. चरकातही पाव-पाव हिश्शाने सोडण्याचाच क्रम आहे. उदाहरणार्थ, फाल्गुनात माठाचं पाणी सुरू करायचं तर पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा माठाचं आणि बाकी साधं, मग निम्मं, मग पाऊण. होळी झाली की त्याच संध्याकाळी फ्रिजची बाटली तोंडाला लावणारे रंगपंचमीला घसा धरून बसतात, ते याचमुळे.

वर्षा ऋतूत वाग्भट पाच गोष्टी टाळायला सांगतो : नदीचं पाणी, पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ, दिवसाची झोप, अतिश्रम आणि ऊन. नदीचं पाणी पहिल्या क्रमांकावर आहे. श्रावणात रामकुंडावर आचमन करणाऱ्यांनी हे वाचावं.

गंगाघाट

@वैद्यबुवा, मापाचा मुद्दा फार छान.

नदीवरून सांगतो. नाशिककर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जातो तो स्नानालाच असं नाही, बघायलाही जातो. पावसाळ्यातला नेम 'बघण्याचा' ठेवावा. मृगाचं पहिलं पाणी गढूळ असतं, त्यात शहराची वर्षभराची घाण आणि पानवेली वाहून येतात, तेव्हा पाण्यात उतरण्यात काही पुण्य नाही. गंगापूर धरण भरत आलं की, बहुधा आश्लेषा-मघात, विसर्ग सुरू होतो आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे डोळे लागतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला : शहराची ही मोजपट्टी क्युसेकच्या आकड्यापेक्षा लवकर कळते. १९६९ आणि २००८ चे पूर अजून याच भाषेत सांगितले जातात.

व्यवहाराच्या गोष्टी : विसर्गाची सूचना आली की घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नये. पाणी चढताना आवाज करत नाही आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय ठरत नाही. पूर बघायला होळकर पुलावर गर्दी होते, पण पोलिसांनी अडवलं तर हुज्जत घालू नये. निर्माल्य कलशात टाका, नदीत कॅरीबॅगसकट तर मुळीच टाकू नका. पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी जा. देवळांच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहिलेली असते, काठच्या दुकानांतले लोक फळ्या धुऊन उन्हात लावत असतात. ती रेघ किती वर आहे एवढीच त्या नक्षत्राची नोंद पुरे.

त्रिरश्मी

धाग्यात सगळं पंचांग आणि चातुर्मास चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. पावसाळा एका जागी बसून काढण्याचा नाशकातला लेखी पुरावा पांडवलेण्यांत आहे.

१० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) ठेवले. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आजचं गाव. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशोब करून बघा : २००० वर वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ तेवढेच. उरलेल्या हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. पावसाळाभर शांत बसता यावं म्हणून कुणीतरी आधी व्याजाचा दर ठरवून ठेवला होता, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटतं.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने. गृहस्थाला करण्यासारखं : पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्यांना उपोसथ म्हणजे व्रताचा दिवस, त्या दिवशी अष्टशील म्हणजे आठ नियम. नोकरदाराला अडतं ते दुपारनंतर न जेवण्यावर. जेवण सूर्यमध्यान्हाच्या आत व्हायला हवं. सूर्यकाठींनी वर दिलेली वेळ बघितली तर आपल्याकडे बाराच्या जेवणाला बऱ्यापैकी सवलत मिळते. त्यानंतर पाणी चालतं. पहिल्याच वेळी चारही दिवस धरू नका, पौर्णिमेपासून सुरुवात करा. ऑफिसात संध्याकाळी पाचला डोकं दुखतं ते बहुतेकदा चहा चुकल्यामुळे, भुकेमुळे नव्हे. चहा आदल्या दोन दिवसांपासून कमी करत आणा. वर्षावास संपल्यावर महिन्याभरात कठिन चीवरदान असतं, त्यात विहाराला कापड किंवा गरजेच्या वस्तू देता येतात.

सूर्यकाठी

व्याजाचा हिशोब जबरदस्त. हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे.

म्हसरूळकर

+१. जैन चातुर्मासही याच काळातला. साधू-साध्वी चार महिने विहार (पायी प्रवास) थांबवतात तो ओल्या जमिनीवरचे जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. म्हसरूळच्या गजपंथ या जैन डोंगरतीर्थाला जायचं तर पायऱ्या निसरड्या असतात, भर पावसात टाळा.

निफाडची_वेल

सगळ्यांचं वाचलं. आता थोडं विरजण घालतो.

'पाऊस आला, मन प्रसन्न झालं' हे मृगापुरतं खरं आहे. द्राक्षवाल्याला विचारा. आमच्याकडे वर्षाला दोन सुरुवाती असतात. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण होते. त्यासाठी स्वच्छ ऊन लागतं. मे महिन्यात ढगाळ राहिलं तर त्याची शिक्षा ऑक्टोबरात दिसते, घडच कमी निघतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिच्यापासून महिना-सव्वा महिन्याने फुलोरा, आणि चार-साडेचार महिन्यांनी काढणी. फुलोऱ्यात स्वातीचा पाऊस आला की डाऊनी रोग, गळ, कूज. ज्या पावसाला शहरात लोक भज्या तळतात त्याच पावसात इथे रात्री फवारणीचे ट्रॅक्टर चालू असतात.

थंडीचंही तसंच. निफाडचा पारा राज्यात नीचांकी, असं बातमीत छान वाटतं. चार अंशांच्या खाली गेलं की पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, बोअरचं पाणी सोडायचं, कारण ते हवेपेक्षा गरम असतं. गार रात्र आणि तापलेली दुपार यांत फरक फार पडला की तयार मणी तडकतात.

मग आधार कशाचा? शेतकऱ्याचा नेम ऋतूवर प्रेम करण्याचा नसतो, ठरल्या दिवशी ठरलेलं काम करण्याचा असतो. गोडी छाटणीच्या दिवशी पहिल्या वेलीला हळदकुंकू आणि नारळ, मग कात्री. छाटलेल्या काडीच्या टोकाला थोड्या वेळाने पाण्याचा थेंब येतो, स्वच्छ, काचेसारखा. तो गळतो, दुसरा येतो. मुळं जागी आहेत याची ती खूण. थेंब आला नाही तर वेल पाण्याला कमी पडली आहे किंवा मुळांना काहीतरी झालंय, लगेच बुंधा तपासायचा. देव बघायचा तर तिथे बघा, पण डोळे उघडे ठेवून.

शहरातल्यांनी नक्षत्राची वही ठेवावी, जरूर ठेवावी. त्यात एक ओळ 'या पावसाने कुणाचं काय गेलं' अशीही असू द्या.

गंगाघाट

@निफाडची_वेल दादा, ही पाचवी ओळ घेतली. चार ओळींचा नियम रद्द.

माजघर

दादा, विरजण लागलं म्हणूनच दही झालं.

तिवंधा_चौक

वसंताबद्दल कुणीच लिहीना, म्हणून नाशिकची खास गोष्ट. शिशिर संपल्याची आपली खूण धुळवडीला नसते, ती चार दिवसांनी फाल्गुन वद्य पंचमीला, रंगपंचमीला, रहाडीत असते. बाहेरगावच्या सभासदांसाठी : रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालते. रंगपंचमीच्या आधी उघडून साफ करतात, पाणी भरतात, रंग कालवतात, पूजा होते आणि मग धप्पा, म्हणजे हौदात उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकाची गुलाबी, तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. सण झाला की पुन्हा वर्षभर बंद.

धप्पा मारणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं : आधी उतरलेला बाजूला झाला का बघूनच उडी, डोकं खाली करून कधीच नाही. बांधकाम दगडी आहे आणि गढूळ रंगात तळ दिसत नाही. पोहता येत नसेल तर काठावर बसून डोक्यावर तांब्या घ्या, त्यानेही ऋतू बदलतो.

घरी रंग करायचा तर पळस. फाल्गुनात पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर झाडं पेटलेली दिसतात. झाडावरची ओरबाडू नका, खाली पडलेली वेचा, भरपूर असतात. सावलीत वाळवलेली १०० ग्रॅम फुलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर २० ते ३० मिनिटं उकळा आणि फडक्यातून गाळा. पिवळसर केशरी रंग येतो, चिमूटभर खायचा चुना घातला की गडद होतो. चुना जास्त पडला तर कातडीला झोंबतो, म्हणून खरोखर चिमूटच. लोखंडी पातेलं नको, रंग काळपट पडतो. दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आंबतो.

पंचवटीतला

रहाड झाली की चैत्र. पाडव्याचा कडुनिंब बहुतेक घरांत जिभेला लावून टाकतात, ते काही खरं नाही. प्रमाण : कोवळी पानं आणि फुलोरा मिळून मूठभर, भिजवलेली हरभरा डाळ दोन चमचे, गूळ सुपारीएवढा, जिरं, ओवा, चिमूटभर हिंग, मीठ, थोडी चिंच. वाटून सुपारीएवढी गोळी प्रत्येकाला. जून पानं घेतली तर कुणीच गिळत नाही, तांबूस पालवीच घ्या.

कामदा एकादशीला काळारामाचा रथोत्सव. रामरथ गंगा ओलांडत नाही, गरुडरथ ओलांडतो. गर्दी नको असेल तर गरुडरथाच्या वाटेवर दुपारीच जागा धरून बसावं.

चौथा_मजला

एक वेगळा प्रश्न. पुष्य-आश्लेषात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा काहींना फार उदास वाटतं. अशा वेळी नेमाचा उपयोग होतो का? की उलट ओझं होतं?

वैद्यबुवा

ताई, चांगला प्रश्न. दोन्ही होऊ शकतं.

उजेड कमी झाल्याने मरगळ येणं वेगळं. त्यासाठी सकाळी ढगाळ का असेना, अर्धा तास उघड्यावर चाला. घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा ढगाळ आकाशाचा उजेड कितीतरी पट जास्त असतो. दिवसाची झोप टाळा, संध्याकाळी सांजवातीची वेळ घड्याळावर ठरवा, कारण पावसाळ्यात अंधारावरून वेळ कळत नाही. उपवासाचे नेम या दिवसांत कमी करा.

पण दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर तो ऋतू नव्हे, आजार आहे. डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्रत हा त्याला पर्याय नाही, आणि औषध चालू असेल तर उपवास डॉक्टरांना विचारूनच.

फेरीवाला

श्रावण राहिलाच. ब्रह्मगिरीची फेरी तिसऱ्या श्रावणी सोमवारी. लोक रविवारी रात्रीच त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून निघतात. छोटी फेरी सुमारे २० किमी, मोठी सुमारे ४०. नवख्याने छोटीच धरावी, थांबत-थांबत सहा ते आठ तास लागतात.

चुका ठरलेल्या आहेत. हौसेने अनवाणी निघायचं आणि पहिने गावाच्या पुढे पाय सोलून बसायचं. तासन् तास ओलं राहिलं की तळव्याची कातडी मऊ पडते, मग बारीक खडीही काचेसारखी रुतते. अनवाणीच जायचं असेल तर पंधरा दिवस आधीपासून रोज थोडं अनवाणी चाला, आणि तरीही पिशवीत पट्ट्याची चप्पल ठेवा. छत्री वाऱ्यात टिकत नाही, घोंगडी किंवा रेनकोट बरा. विजेरी प्रत्येकाची वेगळी. फोन प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. राजगिरा लाडू, शेंगदाणे, केळी. रात्री साबुदाणा खिचडी भरपेट खाऊन निघू नका. त्या दिवशी खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडेच अडवतात, म्हणून नाशिकहून एसटीनेच जा.

नामस्मरण करत शांत चालायचं असेल तर तिसरा सोमवार सोडून मधला कुठलाही वार घ्या. फेरीचं पुण्य गर्दीत वाढतं असं कुठे वाचलेलं नाही.

हिशोबी

एक शंका. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणतात, मग सूर्यकाठींची सर्वांत लांब सावली २१ डिसेंबरला कशी?

सूर्यकाठी

@हिशोबी, वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत नक्षत्रांच्या राशीवर मोजली जाते आणि पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवंडण्यामुळे दोन्हींत साधारण ७२ वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलं. आज ते २३-२४ दिवसांचं आहे. म्हणून वहीत दोन्ही लिहा : २१ डिसेंबरला सावली, १४-१५ जानेवारीला तीळगूळ. सकाळचं विचाराल तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यालाच असतो, सातच्या पुढे. म्हणजे भोगीच्या पहाटे अंथरुणातून उठवत नाही याला खगोलाचाही आधार आहे.

माजघर

भोगीची भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी असल्यावर उठवतं सगळ्यांना.

चौथा_मजला

सुरुवात मृगापासूनच करायची का? २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे ना, मग ते चालेल का?

गंगाघाट

२०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. मृग ८ जूनला, म्हणजे अधिकातच लागतं. सूर्यनक्षत्राला अधिक-निज लागू नाही, वही बिनधास्त सुरू करा. व्रतांचं मात्र वेगळं : वटपौर्णिमा निज (नेहमीच्या) ज्येष्ठात, जूनच्या शेवटी येईल. बाजारातली तोडलेली वडाची फांदी तेवढी आणू नका, जवळचा वड शोधून ठेवायला तोवर महिना आहे.

मृगाचीच वाट बघायला हवी असंही नाही. आज कुठलं नक्षत्र चालू आहे ते कॅलेंडरात बघा, पुढचं लागेल त्या दिवशी सुरू करा. सकाळी ढग असले तर दुपारी काठी, दुपारीही ढग असले तर वहीत 'ढग' लिहायचं.